मोहाची मेढ

लग्नघरात राबणारे हात कमी आणि हुकूम सोडणारी तोंडं जास्त, हे सगळीकडे सारखंच. पुनाजी उईक्याच्या अंगणात सकाळपासून तेच चाललं होतं. पुनाजीचा धाकटा भाऊ गोमाजी खाटेवर मांडी ठोकून बसला होता आणि मांडवाचा कोणता खांब वाकडा, कोणती बल्ली ढिली, हे बसल्या जागेवरून सगळ्यांना सांगत होता. त्यानं स्वतः एका दोरीची गाठ मारली असेल तर शपथ.

गंगा ओसरीवर हळद वाटत होती. पुनाजीची ही थोरली लेक लग्नासाठी आठवडाभर आधीच माहेरी आली होती. उद्या तिच्या पाठच्या भावाचं, लहानूचं लग्न. नवरी डोंगरापलीकडच्या गावची. या घरी जुन्या रिवाजानं लग्न नवऱ्या मुलाच्या दारीच लागायचं, म्हणून मांडव पुनाजीच्या गावी, सालईखुर्दला पडला होता. भोवतीचे खांब सुक्या लाकडाचे होते, सरकारी पासावर आणलेले. मधली मेढ मात्र मोहाचीच लागे, तीही ओली, आणि ती घरच्या थोरल्या जावयानं डोंगरावरून तोडून आणायची. संध्याकाळी त्यानंच ती मांडवात रोवायची. मेढ रोवली की घरावर पूर्वजांची सावली आली असं उईके मानत. त्याशिवाय हळद चढत नसे.

यंदा त्या रिवाजात पाचर बसली होती. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, डोंगर सरकारजमा झाला आणि त्यानंतर या घरच्या थोरल्या जावयाला, म्हणजे गंगाच्या नवऱ्याला, श्रावण कुमऱ्याला जंगल खात्यात नाकेदारी मिळाली. खाकी कपडा अंगावर चढलेला दोन्ही घराण्यांतला तो पहिला माणूस. आणि ज्या डोंगरावरून मेढ आणायची तो खात्यानं तोडीला बंद केलेला, राखणीला श्रावणच. कुंपणानंच शेत खावं कसं?

यातून पुनाजीनं स्वतःच वाट काढली होती. श्रावण नाक्यावर असताना तो पहाटेच उठून डोंगरावर गेला आणि मेढ घेऊन आला. ती आता अंगणात दोन पाटांवर आडवी ठेवली होती. मांडीएवढं सरळसोट खोड, सालीवर हळदीची बोटं ओढलेली, आणि कमरेइतक्या उंचीवर चुन्याचा एक पांढरा पट्टा. गंगाला ती मेढ फार आवडली होती. एवढी सरळ मेढ तिच्या स्वतःच्या लग्नातही नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा श्रावण आला. सायकल कुडाला टेकवून तो हसत अंगणात शिरला आणि मेढीपाशी येऊन थबकला. वाकून त्यानं त्या पांढऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं गंगानं पाहिलं. हातातला वरवंटा तिनं खाली ठेवला.

"मामाजी," तो पुनाजीला म्हणाला, "हे खोड कुठून आनलं?"

"डोंगरावरून. दुसरं कुठून आननार जवाईबापू?" पुनाजी खुशीत होता. "तुमच्या नोकरीले घोर नको म्हनून मीच गेलतो. कुऱ्हाडीले तुमचा शेला बांधला, झाडाले पानी देल्लं, तुमचं नाव घेतलं अन् मंगच घाव घातला. रिवाजात खोट ठेवली नाई."

"अन् हा चुन्याचा पट्टा नाई दिसला तुमाले?"

"दिसला ना. म्हनून त तेच घेतलं."

पुनाजीनं मग सगळं नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. सारा जन्म त्यानं मालगुजाराच्या जंगलाची रखवाली केली होती. ठेकेदाराचा मुनशी यायचा, विकलेल्या झाडांना चुन्याचा पट्टा मारून जायचा. पट्टा बसला की ते झाड गेलंच म्हणून समजायचं. बिनपट्ट्याच्या झाडाला मात्र रखवालदारानं कोणाला हात लावू द्यायचा नाही. डोंगरावर गेल्यावर पुनाजीला पट्ट्याची झाडं दिसली आणि त्याला हायसं वाटलं. जाणाऱ्या झाडांतलंच एक घेतलं तर सरकारचं काय जातं, जावयावरही आळ येणार नाही, असा त्याचा हिशोब.

श्रावणनं पट्ट्यावर पुन्हा हात ठेवला.

"मामाजी, ते पट्टे म्याच मारले. तोडाले नाई, राखाले. मालगुजारानं डोंगर कापला तवा खाली खुंट राह्यले ना? त्या एकेका खुंटातून चार-चार, पाच-पाच फुटवे निघाले. खात्याचा हुकूम आला का त्यातला एक सरळ फुटवा ठेवाचा, त्याले चुना लावाचा, बाकीचे छाटाचे. म्हनजे पुन्हा झाड होईन. चुना लावलेलं झाड म्हनजे खात्याचं लेकरू हाय. ते तुमी तोडलं."

गोमाजीनं खाटेवरून पाय खाली सोडले. पुनाजीनं मेढीकडं पाहिलं, मग जावयाकडं पाहिलं.

तो डोंगर कोणी कापला हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. मालगुजारी जाणार अशी कुणकुण लागली तसा मालगुजारानं उभा डोंगर ठेकेदाराच्या घशात घातला. हाती लागेल ते विकून मोकळं व्हायचं, हा त्याचा जाता जाता व्यवहार. आणि मजूर लावून, दिवसभर उभं राहून ती तोड करून घेतली होती पुनाजीनं. मालकाचा हुकूम होता, त्यानं पाळला. त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून गावचा नाला होळीच्या आतच आटू लागला. या गोष्टीवर तो कधी बोलत नसे.

"मले वाटलं," पुनाजी हळूच म्हणाला, "सरकार बी इकूनच राह्यलं."

"गावात कोनाले सांगलं व्हतं का जवाईबापू तुमी, का चुना म्हनजे राखाचं?" गोमाजीनं विचारलं. प्रश्न आडवा होता, पण खरा होता.

"नाई," श्रावण म्हणाला. "मले कोनी सांगा म्हनून नाई सांगलं. चुना मारा म्हनलं, म्या मारला."

घोर आणखीच वाढवणारी गोष्ट त्यानं यानंतर सांगितली. खात्याचे बडे साहेब, म्हणजे अख्ख्या विभागाचे प्रमुख, पुढच्या आठवड्यात खास हा डोंगर पाहायला येणार होते. कापलेला डोंगर खातं पुन्हा कसा उभा करतं, याचा नमुना म्हणून. म्हणून रेंजर बक्षीसाहेब आज पट्ट्याचं एकेक झाड तपासायला वर चढले होते. ताजा खुंट त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हता आणि खाली उतरले की ते सालईखुर्दवरूनच आर्वीच्या रस्त्याला लागणार होते.

"मंग येळ काऊन घालवता?" गोमाजी उठलाच. आता त्याला काम सुचलं होतं. "चुना खरवडून टाका."

"खुंटाले खोड लावून पाह्यलं का जुळतेच, काकाजी."

"मंग दुसरं सांगतो." गोमाजीनं आवाज उतरवला. "गुलाब गोवाऱ्याचं नाव सांगा. मागच्या महिन्यात गाईसाठी फांदी तोडताना तुमीच त पकडलं त्याले. गाय कोंडवाड्यात घातली, दंड केला. त्याचं नाव खात्यात अगोदरच खराब हाय. त्यानं खोड तोडून आमाले इकलं म्हना. एक गुन्हा अजून. एकटा जीव हाय, ना बायको, ना लेकरू. दंड मी चुपचाप भरून देतो. त्याचं काय जाते?"

गोमाजी वाईट माणूस नव्हता. भावाच्या मुलाचं लग्न मोडू नये एवढंच त्याच्या मनात होतं. घरच्यांना वाचवायचं म्हटलं की बाहेरचा माणूस त्याला दिसेनासा होई, एवढाच त्याचा दोष. असा दोष घराघरांत असतो.

तेवढ्यात आतून सुंदरा आली. पुनाजीची बायको, गंगाची माय. तिनं दारामागून सगळं ऐकलं होतं. ती सरळ जावयाच्या पायांशी बसली तसा श्रावण चटका बसल्यासारखा मागं सरला.

"जवाईबापू, तुमच्या पाया पडतो. उद्या माह्या पोराचं लगन हाय. मेढ नेली त नवरीकडचे दारातूनच वापस जातीन. अन् या वयात याईले पोलिसानं नेलं त मी कोनाले तोंड दाखवू?"

"माय, उठ," गंगा म्हणाली. पण सुंदरा उठेना.

श्रावण मागच्या दारी गेला. गंगा त्याच्यामागून गेली. रांजणातलं पाणी त्यानं ओंजळीनं तोंडावर मारलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"तू सांग," तो म्हणाला.

"बा जेलात जाईन काय?"

"मालूम नाई. लहान गुन्हा रेंजरसाहेब दंड घेऊन इथंच मिटवतेत. गुलाबचा तसाच मिटवला. पन नाकेदाराच्या सासऱ्याचा मिटवला त लोक थुकतीन. साहेब ते आर्वीच्या कोर्टात धाडतीनच."

"अन् तुमची नोकरी?"

"चूप राह्यलो अन् मंग उघडं पडलं, त जाईन. सांगलं त कदाचित राहीन." त्यानं तोंड पुसलं. "पन सांगलं त मी तुह्या घरचा जवाई राहीन काय, ते सांग."

गंगाला रडू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा एका बाजूला आणि बाप दुसऱ्या बाजूला असं तिच्यावर कधी आलं नव्हतं. नवऱ्याच्या खाकीचा तिला अभिमान होता. बापाचा त्याहून जास्त होता, कारण या माणसानं जंगलातला वाळका काटकाही कधी चोरून घरी आणला नव्हता. आता चोर ठरणार होता तोच.

"मंग चूप राहा," ती म्हणाली. "गुलाबदादाले मी समजावतो. आपुन त्याले धान्य देऊ. तुमी फक्त चूप राहा."

श्रावणनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, थकल्यासारखं. "बरं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या अंगणात हाक ऐकू आली. गंगा डोळे पुसून गेली तर दारात गुलाब उभा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची हंडी, वर पळसाची पानं झाकलेली. हंडी उतरवण्याआधी त्यानं पाटावरच्या मेढीला हात लावून कपाळाला लावला. तो गाईगुरं राखणारा गोवारी होता, या घरासारखा गोंड नव्हता. तरी दुसऱ्याच्या दारच्या मेढीला नमस्कार करायचा असतो एवढं त्याला कळत होतं.

"घे वं गंगाबाई. आज एक थेंब बी इकला नाई. सारं लहानूच्या खिरीले."

गंगानं हंडी दोन्ही हातांत धरली. "दादा," ती कशीबशी म्हणाली, "तुमी आमच्यावर रागावले नाई? गाय कोंडली तुमची."

"काऊन रागावू?" गुलाबला खरंच नवल वाटलं. "फांदी म्या तोडलीच व्हती. खरं काम केलं, खरं पकडलं. जवाईबापूनं खोटं त नाई ना पकडलं मले."

गंगा हंडी घेऊन आत गेली. चुलीपाशी ती ठेवली आणि तिथंच उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली, एवढी की दुधाकडंही पाहवेना. धान्य देऊ म्हणाली होती ती. माणसाच्या खरेपणाचं मोल पायलीनं मोजायला निघाली होती. ती पुन्हा मागच्या दारी गेली. श्रावण तिथंच होता.

"मी चूप राहा म्हनलं ना," ती म्हणाली, "ते माघारी घेतलं. तुमाले जे करावं वाटते ते करा. जवाई राहान का नाई ते मले मालूम नाई. पन माह्या नवऱ्यानं खोटं पकडलं असं कोनी नाई म्हनाव."

ऊन कलायला लागलं आणि बक्षीसाहेब आले. सडपातळ, पन्नाशीकडं झुकलेले, पायताणाला डोंगराची लाल माती. मागं त्यांचा चपराशी, खांद्याला कातडी पिशवी अडकवलेली. साहेबांनी मांडव पाहिला, माणसं पाहिली आणि शेवटी मेढ पाहिली. तिच्यावर त्यांची नजर थांबली ती हललीच नाही. सुंदरानं पाण्याचा लोटा पुढं केला. त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

"श्रावण," ते म्हणाले, "वरच्या अंगाला एक पट्ट्याचं झाड कमी आहे. मला वाटतं ते सापडलं."

श्रावण ताठ उभा राहिला. गंगानं पदर मुठीत घट्ट धरला.

त्या एका क्षणात गोमाजी पुढं सरसावला. "साहेब, हा गुलाब गोवारी. यानंच खोड आनून देल्लं. आमाले का मालूम, कुठलं हाय ते."

गुलाब गावच्या पोरांबरोबर मांडवाला डहाळ्या बांधत होता. त्याच्या हातातली डहाळी हातातच राहिली. त्यानं गोमाजीकडं पाहिलं, मग पुनाजीकडं. तो भांडला नाही की ओरडला नाही. काहीच न समजल्यासारखा नुसता पाहत राहिला, आणि तेच सगळ्यांना जास्त लागलं.

"गोम्या, चूप बस." पुनाजीचा आवाज मोठा नव्हता. तो उठून मेढीपाशी येऊन उभा राहिला. "साहेब, म्या तोडलं. एकट्यानं. मंग या मानसाचं नाव कोनी घेऊ नका. माह्या पोराच्या लगनासाठी खोट्या मेढीनं चालन, खोट्या नावानं नाई चालन."

"मामाजी खरं सांगून राह्यले, साहेब." श्रावण एक पाऊल पुढं आला. "चुना म्या मारला. कशाले मारला ते गावात कोनाले सांगलं नाई. त्याईले वाटलं तोडीचं झाड हाय. हे बी लिहा तुमच्या पंचनाम्यात."

"ते कोणत्या रकान्यात लिहू?" बक्षीसाहेब कोरडेपणानं म्हणाले. पण ते खाटेवर बसले.

"मालगुजार चोर व्हता, साहेब," पुनाजी म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर येत होतं. "त्यानं डोंगर इकला, अन् माह्या हातानं कापला. त्याचं पाप मी मानतो. पन जंगलाचा एखादा भाग बंद कराचा असला का तो कोतवालाकडून गावात डोंडी पिटवत व्हता. चोर असून सांगत व्हता. तुमी त राखनारे. मंग तुमी काऊन नाई सांगत?"

चपराशी दचकला. रेंजरला कोणी असं विचारत नसे.

बक्षीसाहेबांनी हातातल्या लोट्यातलं पाणी आता प्यायलं. "बड्या साहेबांचा हुकूम इंग्रजीत आला," ते म्हणाले. "मी तो श्रावणला हिंदीत सांगितला. श्रावणनं तो झाडाला चुन्यानं सांगितला. माणसाला कोणीच सांगितला नाही." त्यांनी लोटा खाली ठेवला. "त्या डोंगरावर झाड राहिलं नाही तर तुमच्या नाल्याला पाणी राहणार नाही, शेतातली माती पावसाबरोबर वाहून जाईल. हे थांबवायला खातं आहे. एवढं मला ठाऊक आहे. पण हे तुमच्या दारात येऊन सांगणं कोणाचं काम, ते मला वरून कधी कोणी सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही. चूक माझी आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन."

पुनाजीनं मान हलवली. गंगाच्या मनात आशा पालवली. साहेब आता सोडून देतील असं तिला वाटलं.

"पण झाड तुटलं ते तुटलं," साहेब म्हणाले. "आणि नाकेदाराच्या सासऱ्याचं प्रकरण मी माझ्या हातानं मिटवू शकत नाही. गुलाबला दंड केला आणि पुनाजीला सोडलं, तर उद्या या खात्याचा शब्द कोण मानेल? कागद आर्वीला जाईल. मजिस्ट्रेटनं काय करायचं ते करावं. आणि हे खोड जप्त."

सुंदरानं तोंडात पदर कोंबला. दारात आणलेली मेढ बाहेर जाणं म्हणजे तिच्या लेखी घरातून तिरडी जाण्यासारखंच होतं. लहानू एका खांबाला धरून उभा होता. त्याच्या गालाला अजून हळदीचं बोटही लागलं नव्हतं.

"साहेब," श्रावण म्हणाला, "जप्तीचा माल आपुन कधी-कधी जागेवरच कोनाच्या सुपूर्द करतो. सुपूर्दनामा लिहून. मागितला तवा हजर कराचा या बोलीवर."

साहेब त्याच्याकडं पाहत राहिले. "तुझ्या नावानं होणार नाही. आरोपीच्याही नाही."

"कोनाच्या बी नावानं करा, पन—"

"माह्या नावानं करा." गंगा पुढं आली. आपण बोललो हे तिचं तिलाच उशिरा कळलं. "लगन झालं का मेढ जवाईच उपटते, तसाच रिवाज हाय. तवा हे उपटतीन अन् नाक्यावर आनून देतीन. मी जिम्मा घेतो."

बक्षीसाहेबांनी कागद काढला. चपराशानं शाईची गादी पुढं केली. गंगाचा अंगठा हळदीनं माखलेला होता. तिनं तो लुगड्याला पुसला, तरी कागदावर उमटलेल्या काळ्या ठशाला पिवळी कड आलीच. त्या ठशाखाली पुनाजीनं कबुलीचा अंगठा दिला. दोन अंगठे एकाच कागदावर, बापाचा आणि लेकीचा.

मग साहेबांनी पिशवीतून शिक्क्याची हातोडी काढून श्रावणकडं दिली. जप्त मालावर शिक्का मारणं नाकेदाराचं काम. श्रावण मेढीशेजारी गुडघ्यावर बसला. पहिला घाव नीट बसला नाही. दुसऱ्यानं सालीत सरकारी शिक्का उमटला, हळदीच्या बोटांना लागूनच. दोन्ही घावांना सुंदरा हातोडी अंगावर पडल्यासारखी दचकली, आणि पदर डोक्यावर घेऊन घरात निघून गेली.

साहेब गेले. गुलाब कधी निघून गेला ते कोणाला कळलं नाही. गोमाजी त्याच्यामागं गेला होता असं कोणीतरी म्हणालं. तो माफी मागायला गेला की तोंड लपवायला, हे देवच जाणे.

दिवस मावळतीला आला. मेढ रोवायची वेळ झाली आणि अंगणात कोणी कोणाकडं पाहीना. खड्डा खणून तयार होता. श्रावण मांडवाच्या बाहेर, कुडाजवळ, सायकलपाशी उभा होता. निघावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. पुनाजीची दुसरी मुलगी यंदा नव्यानं लग्न करून दिलेली. धाकटा जावई गर्दीत मान खाली घालून उभा होता. भाऊबंदांतला एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "धाकल्यालेच म्हना आता. येळ चालली."

गंगाला वाटलं, झालं. आपलं माहेर इथंच संपलं. बापाच्या दारातून नवरा बाहेर राहणार आणि उद्यापासून ती स्वतःही बाहेरचीच होणार. तिनं आईकडं पाहावं म्हणून दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं.

पुनाजीनं रांजणातून लोटा भरला. या घरी मेढ रोवण्याआधी सासरा जावयाचे पाय धुतो. लोटा घेऊन तो धाकट्या जावयापाशी आला तसा त्या पोरानं भीतभीत पाय पुढं केला. पण पुनाजी थांबला नाही. तो तसाच पुढं चालत गेला, मांडवाच्या बाहेर, कुडापर्यंत, आणि श्रावणसमोर खाली बसला.

"बूट काढा," तो म्हणाला.

श्रावणला लेस सोडता येईना. गंगानं धावत जाऊन त्या सोडल्या. मोजे काढले तर डोंगराची लाल माती आतपर्यंत गेली होती. पुनाजीनं त्याच्या पायांवर पाणी ओतलं आणि खरखरीत हातांनी ती माती घोट्यांपर्यंत धुतली.

"मामाजी," श्रावण म्हणाला, "आर्वीची तारीख लागली का समन्स घेऊन दुसरा नाकेदार येईन. मले नाई पाठोनार, नातं हाय म्हनून."

पुनाजीनं लोटा खाली ठेवला. त्यानं वर पाहिलं नाही.

"साहेबाले सांगा," तो म्हणाला, "पुनाजीले त्याचा जवाईच घेऊन जाईन. दुसऱ्याच्या मागं गेलो त लोक म्हनतीन चोराले नेऊन राह्यले. तुमच्या मागं गेलो त म्हनतीन, सासरा-जवाई आर्वीले चालले."

मग तो गुडघ्यावर हात टेकत उठला, जावयाचा हात धरला आणि त्याला अनवाणीच मांडवात घेऊन गेला.